घरपट्टी म्हणजे न घेतलेल्या भाड्यावरचा कर

एकानं लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात वडिलांनी १९९३ साली बांधलेलं घर, तळमजला साधारण ७०० चौरस फूट. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यावर तेवढाच मजला चढवला. पाणीपट्टी सोडून घरपट्टी १८०० रुपयांच्या आसपास यायची, ती एकदम ८००० च्या वर गेली. 'घर दुप्पट झालं, मग पट्टी चौपटीच्या पुढं कशी काय ओ? शेजाऱ्यांचंही एवढंच दुमजली घर आहे, त्यांना ४००० च येते.' जोडीला आणखी दोन शंका: गच्चीवर परवानगी न घेता काढलेल्या खोलीची पट्टी भरत राहिलं की ती खोली नियमित होते असं मित्र म्हणतो ते खरं का, आणि दोन वर्षांपूर्वी वडील गेले तरी बिलावर अजून त्यांचंच नाव आहे, त्यानं काही बिघडतं का.

मी पेशानं सिव्हिल इंजिनिअर. घरांची मूल्यांकनं करणं आणि घरपट्टीच्या हरकतींचे कागद तयार करणं यात २८ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत 'माझा करच जास्त टक्क्यानं लावलाय' असं म्हणत आलेल्यांपैकी एकाचंही म्हणणं खरं निघालं नाही. एकाच वापराच्या, एकसारख्या मूल्याच्या घरांना टक्के सारखेच असतात. गडबड असलीच तर ती टक्के लावण्याच्या आधीच्या आकड्यात असते, आणि तो आकडा बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. बिल आलं की डोळा थेट तळाच्या एकूण रकमेवर जातो. वर कुठंतरी 'करयोग्य मूल्य' म्हणून छापलेलं असतं, ते तसंच राहतं.

तर सुरुवात तिथून. सोलापूर महानगरपालिका १९६४ साली झाली आणि ती १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली चालते. मिळकत कराचं, म्हणजे घरपट्टीचं, सगळं गणित त्या कायद्याच्या अनुसूची 'ड' मधल्या करविषयक प्रकरणात आहे. त्यातला सातवा नियम हे आपल्या विषयाचं मूळ. तो म्हणतो, ही इमारत वर्षावर्षाच्या बोलीनं भाड्यानं दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल ते धरा, त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट १० टक्के वजा करा, उरेल ते करयोग्य मूल्य. तुम्ही स्वतः राहता, भाड्यानं द्यायचा विचारही नाही, तरीही हिशेब भाड्याचाच. घराची बाजारातली किंमत, खरेदीखतावरची रक्कम, गृहकर्ज यांचा इथं थेट संबंध नाही. काही जण मला रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमीन-घरांच्या दरांचा, कागद दाखवत येतात. तो मुद्रांक शुल्काला लागतो. आपल्या शहराच्या घरपट्टीला नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या किमतीवर, कर बसतो, त्यामुळं तिकडच्या नातेवाइकांनी सांगितलेला हिशेब इथं लावायला गेलात तर काहीच जुळणार नाही.

आता हे 'वाजवी भाडं' येतं कुठून? प्रत्येक घरमालकाला गाठून 'तुमच्याकडं किती भाडं येईल' असं विचारणं शक्य नाही. म्हणून दर चौरस फुटाला किंवा चौरस मीटरला महिन्याचा अमुक दर, असे तक्ते असतात. भाग कोणता, बांधकाम कशाचं, वापर कसला आणि आकारणी कोणत्या वर्षाची, यावर तो दर ठरतो. आरसीसीचा दर वेगळा, लोड बेअरिंगचा, म्हणजे भिंतींवर भार असलेल्या घराचा, वेगळा, पत्र्याचा वेगळा. शुक्रवार पेठेतल्या माळवदाच्या घराला आणि होटगी रोडवरच्या फ्लॅटला एक दर लागत नाही, लागूही नये.

या चौघांमधला शेवटचा, म्हणजे आकारणीचं वर्ष, हा लोकांच्या ध्यानात येत नाही आणि तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर नेमकं त्यातच आहे. म्हणून आकडे मांडून दाखवतो. खालचे दर मी हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर असतील ते त्या जागी टाका.

समजा, तळमजल्याची आकारणी १९९३ साली झाली तेव्हा दर चौरस फुटाला महिना ६० पैसे धरला होता. ७०० गुणिले ०.६० म्हणजे महिन्याला ४२० रुपये, वर्षाचे ५०४०. त्यातले १० टक्के, म्हणजे ५०४ रुपये, गेले. करयोग्य मूल्य ४५३६. सगळ्या महापालिका करांचे मिळून ३५ टक्के आणि राज्य सरकारचा शिक्षण कर ५ टक्के धरला तर ४० टक्के होतात. ४५३६ चे ४० टक्के म्हणजे १८१४ रुपये. तुमचं जुनं बिल हे असं.

वरचा मजला नवा. त्याची आकारणी नव्या दरानं होणार. समजा तो २ रुपये आहे. ७०० गुणिले २ म्हणजे महिना १४००, वर्षाचे १६,८००, १० टक्के वजा जाता १५,१२०. दोन्ही मजल्यांचं मिळून १९,६५६. आता यात आणखी एक पदर आहे. शिक्षण कराचे टप्पे असतात; मूल्य वाढलं की टक्का वरच्या टप्प्यात जातो. तो ५ वरून ६ वर गेला असं धरू. मग एकूण ४१ टक्के, आणि रक्कम ८०५९.

म्हणजे घर दुप्पट झालं खरं, पण कराच्या वहीत तुमच्या खालच्या मजल्याला ३० वर्षांपूर्वीचं भाडं आहे आणि वरच्याला आजचं. वरचा मजला एकटा खालच्याच्या तिपटीहून जास्त वजनाचा आहे. जुनी पट्टी इतकी कमी होती म्हणून नवी इतकी अंगावर आली.

शेजाऱ्यांचं कोडंही याच किल्लीनं उघडतं. त्यांनी दोन्ही मजले १९९५ साली एकदमच बांधले असं तुम्हीच लिहिलं आहे. समजा त्या वर्षी दर ६५ पैसे होता. १४०० गुणिले ०.६५ गुणिले १२ म्हणजे १०,९२०; १० टक्के गेल्यावर ९८२८; त्याचे ४१ टक्के ४०२९ रुपये. तेवढंच घर, तोच रस्ता, तेच टक्के, आणि निम्मी पट्टी. कुणी कुणाला चहा पाजला म्हणून हे झालेलं नाही.

मग हा अन्याय नाही का? आहे, माझ्या मते आहे. कायद्यानं तो टाळायची सोय केलेलीही आहे. आकारणीची वही दरवर्षी नव्यानं करायची गरज नाही, आदल्या वर्षीच्या नोंदी पुढं ओढता येतात, पण चार वर्षांतून एकदा तरी नवी वही करावी असं त्याच अनुसूचीत लिहिलं आहे. तसं नियमानं झालं असतं तर तुमचा तळमजला आणि शेजाऱ्यांचे दोन्ही मजले हळूहळू वर सरकले असते, आणि आज तुमच्या वरच्या मजल्याचा दर एकटा उंच दिसला नसता. पण फेरआकारणी म्हटलं की कुठल्याही शहरात आरडाओरडा होतो, मोर्चे निघतात आणि विषय लांबणीवर पडतो. राज्यातल्या बऱ्याच शहरांची हीच कथा आहे. परिणाम असा की जुन्या घरात राहणाऱ्याचा भार नव्या घरात राहणारा उचलतो. तुमच्या बाबतीत जुना आणि नवा हे दोघं एकाच घरात राहतात एवढाच फरक.

म्हणून एक सल्ला आहे, थोडा कडू वाटेल. हरकत घेताना 'शेजाऱ्याला कमी आहे' हा मुद्दा पहिला मांडू नका. त्यातून तुमचं कमी होण्यापेक्षा शेजाऱ्यांचं वाढण्याचीच शक्यता जास्त, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार जाईल तो वेगळाच. तुलना करायचीच तर तुमच्या नव्या मजल्याची, त्याच भागात त्याच वर्षी आकारणी झालेल्या दुसऱ्या नव्या बांधकामाशी करा. तिथं दरात फरक निघाला तर मात्र तुमचा मुद्दा भक्कम आहे.

हद्दवाढ भागात याला आणखी एक वळण आहे. १९९२ साली आजूबाजूची गावं शहरात आली. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव या बाजूच्या जुन्या घरांची पहिली नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे तिथल्या कर आकारणीच्या नोंदवहीत, होती. त्या काळातल्या घराचा आणि त्याच गल्लीतल्या आजच्या अपार्टमेंटचा आकडा शेजारी शेजारी ठेवला तर एक आकडा चुकलाय असंच वाटतं. चुकलेला नसतो, दोन्ही वेगवेगळ्या काळातले असतात.

शहराची हद्द ओलांडली की गणितच बदलतं. अक्कलकोट रोडनं कुंभारीकडं गेलात की तिथं ग्रामपंचायत आहे, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर असते. क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसाऱ्याचा (घराच्या जुनेपणाचा) गुणक, आणि या सगळ्याला वापराचा भारांक. आलेल्या मूल्यावर दर हजारी काही पैसे किंवा रुपये. ७०० चौरस फूट म्हणजे ६५ चौरस मीटर. जमीन १५०० रुपये आणि बांधकाम २०,००० रुपये मीटर धरलं, नवं घर म्हणून घसाऱ्याचा गुणक आणि राहता वापर म्हणून भारांक दोन्ही १ धरले, तर मूल्य १३,९७,५०० होतं. हजारी १.२० रुपये दरानं पट्टी १६७७. तुमच्या वरच्या मजल्याला शहरात सहा हजारांवर भरता आणि पलीकडं तेवढ्याच घराला सतराशेही होत नाहीत, हे बघून लोक चिडतात. पण पद्धत वेगळी, सोयी वेगळ्या, आणि वरचे दर मी धरलेले आहेत, हे विसरू नका. एक गोष्ट मात्र ग्रामपंचायतीच्या पद्धतीत मला आवडते: घसारा उघडपणे धरतात, त्यामुळं जुनं घर कागदावरही जुनं होत जातं. भाडेमूल्याच्या पद्धतीत जुन्या घराचा कर कमी असतो तो ते झिजलं म्हणून नाही, त्याची नोंद जुनी म्हणून.

आता बिलातल्या बाकीच्या ओळी. सामान्य कर हा सगळ्यांत मोठा. मग सफाई, मलनिःसारण, अग्निशमन, रस्ता, वृक्ष असे लहान-मोठे कर, करयोग्य मूल्याच्या टक्क्यांत. हे दर पुढच्या आर्थिक वर्षासाठी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणून दर फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत करवाढीच्या बातम्या येतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य सरकारचे, १९६२ च्या कायद्याखालचे. महापालिका ते फक्त गोळा करून देते. राहत्या घराला राज्याचा शिक्षण कर २ ते ६ टक्के, बिगरनिवासी वापराला ४ ते १२. रोजगार हमी कर राहत्या घराला नसतोच. तुमच्या घराच्या बिलावर रोजगार हमीची ओळ रकमेसकट दिसली, तर समजा की कुठंतरी वापराच्या रकान्यात 'वाणिज्य' पडलं आहे. बिल तपासायची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही.

वापराचा हा रकाना किती महाग पडतो ते बघा. समजा, उद्या तुम्ही पुढच्या खोलीला शटर लावून १५० चौरस फुटांचं दुकान काढलं. दुकानाचा दर महिना ६ रुपये धरू. वर्षाचे १०,८००, वजावट जाता ९७२०. महापालिकेचे ३५ टक्के, शिक्षण कर वरच्या टप्प्याचा १२ टक्के, रोजगार हमी ३ टक्के, एकूण ५० टक्के. म्हणजे ४८६० रुपये. तुमचा अख्खा वरचा मजला ६१९९ ला पडतो आणि एक शटर ४८६० ला. पूर्व भागात हा प्रश्न घरोघरी आहे. खाली चार यंत्रमाग, वर कुटुंब. मागांची जागा आणि राहती जागा वेगवेगळी मोजून, वेगवेगळ्या वापरात नोंदवलेली असली पाहिजे. एकाच दारानं आत जातात म्हणून सगळं घर कारखाना होत नाही. आणि माग विकून पाच वर्षं झाली तरी नोंद तशीच राहिलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत. तिथं औद्योगिक वीजमीटर बंद केल्याचा कागद कामाला येतो. वापर बदलल्याचा त्याहून बोलका पुरावा नाही. नोंद आपोआप बदलत नसते. अर्ज द्यावाच लागतो.

पाणीपट्टी बिलात येते, पण तिचा हिशेब वेगळा असतो. ती नळजोडणीच्या आकारावर ठरावीक रकमेनं बसते, अर्धा इंची म्हणजे अमुक, अशी. 'पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि पट्टी ३६५ दिवसांची' ही सोलापुरातली जुनी तक्रार आहे, आणि माझ्या घरीही बॅरल भरून ठेवलेली असतात, त्यामुळं मला ती पुरती कळते. फक्त एवढंच, की करयोग्य मूल्याच्या हरकतीत हा मुद्दा घालू नका. ऐकणारा अधिकारी त्यावर काही करू शकत नाही आणि तुमचा खरा मुद्दा त्याखाली गाडला जातो.

क्षेत्रफळाकडं वळू, कारण खऱ्या चुका इथं सापडतात. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं), बांधीव क्षेत्र (भिंतींसकट) आणि बिल्डर सांगतो ते विक्रीयोग्य क्षेत्र, हे तीन वेगळे आकडे. फ्लॅटवाल्यांच्या करारनाम्यात बरेचदा तिसरा असतो, त्यात जिना आणि लिफ्टचा वाटाही मिळवलेला. उताऱ्यावर कोणतं क्षेत्र धरलं आहे ते आधी विचारा, मग तेच स्वतः मोजा. तुमचं घर स्वतंत्र आहे, तुम्हाला हे सोपं. टेप घ्या, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी एका कागदावर मांडा, गॅलरी आणि बाहेरचा जिना वेगळे लिहा. एकक बघायला विसरू नका. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. दुसऱ्या एका शहरात माझ्याकडं प्रकरण आलं होतं, तिथं घराचं मोजमाप चौरस मीटरमध्ये बरोबर होतं, पण गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचं मोजमाप फुटांत घेऊन मीटरच्या रकान्यात लिहिलं गेलं होतं. १२० फुटांची शेड कागदावर १२० मीटर झाली, म्हणजे राहत्या घरापेक्षा मोठी. मालक सहा वर्षं भरत होते. निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे! त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, सरकारी कागदावरचा आकडा तपासायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

मोकळ्या प्लॉटवर घर बांधलेल्यांनी आणखी एक पाहावं. मोकळ्या जागेलाही कर असतो. घर उभं राहून त्याची आकारणी झाली की जुनी मोकळ्या जागेची नोंद बंद व्हायला हवी. दोन्ही मिळकत क्रमांक चालू राहिले तर एकाच जागेची दोन बिलं येत राहतात, आणि दुसरं बिल जुन्या मालकाच्या पत्त्यावर जात असेल तर तुम्हाला कळतही नाही.

सवलतींबद्दल दोन गैरसमज दूर करतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला करमाफी ही २०२२ ची मुंबईची गोष्ट. स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्क्यांची सवलत पुण्याची. दोन्हींचा तुमच्या बिलाशी संबंध नाही. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराच्या करात माफी देण्याचा राज्याचा निर्णय मात्र २०२० सालचा आहे आणि तो आपल्याकडंही लागू पडतो. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. लवकर भरल्याची सूट दरवर्षीच्या ठरावाप्रमाणं कमी-जास्त होते, ती बिलावरच छापलेली असते.

तुम्ही नेमकं काय करायचं ते आता सांगतो. आपल्या विभागीय कार्यालयातून मिळकत क्रमांक देऊन कर आकारणीचा उतारा मागा. बिल नव्हे, उतारा. त्यात मजलावार क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वापर, दर आणि कधीपासूनची आकारणी हे सगळं दिसलं पाहिजे. नुसतं एकूण करयोग्य मूल्य असेल तर आकारणीची मोजणी पत्रकं लेखी अर्ज देऊन मागा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात. मग वरच्यासारखं कागदावर गणित करा. दहा टक्के वजावट खरंच वजा झाली आहे का बघा. वरच्या मजल्याचा कर कोणत्या तारखेपासून धरला आहे बघा. वापर परवान्याच्या किंवा प्रत्यक्ष राहायला लागल्याच्या तारखेच्या आधीपासून धरला असेल तर त्यालाही हरकत घेता येते.

नव्यानं आकारणी झाली किंवा मूल्य वाढवलं की मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकत घ्यायची मुदत तिच्यावर लिहिलेली असते. ही नोटीस म्हणजे तुमच्या हातातला सगळ्यांत किमती कागद. लोक ती 'बिल नाही ना' म्हणून फ्रिजवर ठेवून देतात. मुदतीत लेखी हरकत दिली तर सुनावणी होते, तिथं तुमची मोजमापं घेऊन जा. त्यातूनही समाधान झालं नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडं अपील आहे, पण त्याची मुदत अवघी १५ दिवसांची आणि वादातली कराची रक्कम आधी भरावी लागते. म्हणून मी अशिलांना सांगतो, खरी लढाई हरकतीच्या टेबलावर लढा. तुमची मुदत उलटून गेली असेल तरी क्षेत्राची किंवा वापराची सरळ चूक दुरुस्त करायचा अर्ज केव्हाही द्या. वहीत वर्षाच्या मध्येही दुरुस्ती करता येते.

आणि वाद चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका. कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. थकला की दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढं व्याज आपल्याला कुठली बँक देत नाही. 'वादाधीन राहून भरत आहे' असं अर्जात लिहून भरा. अभय योजनेत शास्ती माफ होईल म्हणून थांबणारेही भेटतात. योजना येतात हे खरं, पण केव्हा आणि किती माफी घेऊन येतील ते कुणाच्या हातात नसतं.

गच्चीवरच्या खोलीचं. इथं 'शास्ती' हा शब्द दुसऱ्या अर्थानं येतो आणि लोकांचा घोळ होतो. थकबाकीवरची २ टक्के ही एक शास्ती. परवानगीविना बांधकामावर कलम २६७-अ खाली मिळकत कराच्या दुपटीपर्यंत बसते ती वेगळी. आणि तुमच्या मित्रानं सांगितलं त्याच्या बरोबर उलट त्या कलमात लिहिलं आहे: हा कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही. घरपट्टीची पावती वर्षानुवर्षं जपून ठेवा, पण तिच्या जोरावर ती खोली वाचणार नाही. नियमित करायची असेल तर बांधकाम परवानगी विभागाकडं वेगळा प्रस्ताव, नकाशा, शुल्क, हाच रस्ता. हरकतीचा अर्ज देण्याआधी याचा विचार करून ठेवा, कारण फेरमोजणीला माणूस आला की तो गच्चीवरही जाणार.

राहिलं वडिलांचं नाव. मिळकतीचा मालक गेला तर वारसांनी एक वर्षाच्या आत लेखी कळवायचं, असा त्याच करविषयक प्रकरणातला पहिलाच नियम आहे. विक्री किंवा बक्षीसपत्र असेल तर मुदत तीन महिने. तुमचं वर्ष उलटून गेलं आहे, तरी घाबरू नका, अर्ज आत्ता द्या. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आणि बहिणीनं हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र. कार्यालय थकबाकी नसल्याचं बघतं, म्हणून चालू सहामाही भरूनच जा. नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नका. ती प्रॉपर्टी कार्डावर, नगर भूमापन कार्यालयात स्वतंत्र लावून घ्यावी लागते. पण घरपट्टीवर नाव नसेल तर नोटिसा वडिलांच्या नावानं निघत राहतात, आणि वरच्या मजल्याची विशेष नोटीस तुमच्या हाती आली नसेल तर त्याचं कारण बहुधा हेच असेल. तसं असेल तर उताऱ्याबरोबरच त्या नोटिशीची आणि ती बजावल्याच्या नोंदीची प्रत मागा. बजावणी नीट झालेली नसेल तर हरकतीची मुदत संपली असं तुम्हाला कुणी सांगू शकत नाही.